पणजोबांच्या बापाचं नाव

दीपनगरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही चार कागद ओळीनं मांडून बसला आहात. पहिला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. दुसरी 1914 च्या फेरफाराची नक्कल. तिसरी 1900 सालच्या मृत्यूनोंदीची झेरॉक्स, सगळी मोडीत. चौथी भाटाच्या वहीतून कुणीतरी वर्षांपूर्वी उतरवून घेतलेली वंशावळ. चारही कागद एकाच घराचे आहेत आणि चारही एकमेकांशी भांडताहेत.

फेरफारात पणजोबांच्या बापाचं नाव एक आहे, भाटाच्या वहीत दुसरंच. आडनाव दाखल्यावर पाटील, मृत्यूनोंदीत चौधरी, फेरफारात आडनावच नाही. जातीच्या रकान्यात एकीकडे लेवा कुणबी, दुसरीकडे लेवा पाटीदार. शिवाय आजीनं लहानपणापासून कानावर घातलेलं वाक्य आहेच: ‘आपन पावागडचे.’ कागदांत मात्र पावागडाचा पत्ता नाही.

या कागदांची गरज आज अनेक घरांना पडते. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे मागितले जातात. सप्टेंबर 2023 मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून तर गावोगावची कोतवाल बुकं कपाटातून बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. पण तुम्हाला नुसता दाखला नको आहे. या गावात आपल्यातला पहिला कोण आला, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. त्यासाठी चारांतला एक कागद खरा ठरवून बाकीचे फाईलमध्ये ढकलून चालणार नाही. प्रत्येक कागद लिहिला जात होता त्या जागी जाऊन उभं राहायला हवं. लिहिणारा कोण होता, सांगणारा कोण होता आणि तो कागद कशासाठी लिहिला गेला, हे पाहायला हवं.

चला तर.

खिडकीबाहेरचं औष्णिक केंद्र आधी मागे जातं. पाचशे मेगावॅटचे दोन संच दिसेनासे होतात. मग 1982 चा, मग 1979 चा, शेवटी 1968 मध्ये सुरू झालेला पहिला संच. चिमण्या नाहीत, कॉलनी नाही, दीपनगर हे नावही नाही. उरतं ते फेकरीचं शिवार, काळ्या मातीत कापूस आणि ज्वारी. भुसावळकडून इंजिनाची शिट्टी येते. रेल्वे इथे 1860 च्या दशकापासून आहे, ती अजून बराच वेळ तुमची सोबत करील. तुम्ही तापी ओलांडता आणि यावल-रावेरच्या अंगाला, तुमच्या मूळ गावी पोचता. वाटेत सातबाऱ्यावरचे गट नंबर पुसले जाऊन जुने सर्व्हे नंबर वर येतात. तुकडेजोड कायदा 1947 चा, त्याआधी गट नव्हतेच. आजचा गट नंबर घेऊन जुन्या दप्तरात शोधणाऱ्याला काही सापडत नाही ते यामुळेच.

1934

जून महिना आहे. पहिला पाऊस पडून गेला आहे आणि शाळेच्या ओट्यावर चिखलाच्या पावलांचे ठसे आहेत. तुमचे पणजोबा, पस्तिशीतले, आजोबांना हाताला धरून उभे आहेत. हेडमास्तर रजिस्टर उघडतात.

‘‘जन्म कधीचा?’’

‘‘पोळ्याच्या आधीचा, मास्तर. साल काही ध्यानात नाही.’’

मास्तर पोराकडे बघतात. पोर सात वर्षांचं दिसतं. ते 1 जून 1927 लिहून मोकळे होतात. शाळा जूनमध्ये भरते, वय त्याच हिशोबानं बसवायचं असतं. त्या वर्गातल्या बहुतेक मुलांचा जन्म त्या रजिस्टरात 1 जूनलाच झाला आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचा वाढदिवस 1 जूनला येतो, तो असा.

‘‘आडनाव?’’

पणजोबा थांबतात. गावात त्यांना घराच्या नावानं आणि बापाच्या नावानं ओळखतात. आडनाव लागतं ते शाळेत आणि कोर्टात. पाटील, चौधरी, महाजन ही खानदेशात मुळात कामाची आणि मानाची नावं. एका घराला पिढीगणिक, प्रसंगागणिक वेगवेगळी चिकटली. बहिणाबाईंचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: आसोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधरींची सून. ज्या घरात मागे कुणी पाटीलकी केली त्यांनी पाटील लावलं, चुलतभावांनी चौधरीच ठेवलं. पणजोबा म्हणतात, ‘‘पाटील लिव्हा.’’ मास्तर लिहितात. चौधरी आणि पाटील हा तुमच्या फाईलमधला पहिला तंटा इथेच मिटतो. दाखल्यावरचं आडनाव 1934 च्या त्या सकाळचं आहे. त्याच्या आधीच्या दप्तरात पाटील शोधत बसू नका.

1914

चावडीवर कुळकर्णी बसला आहे. पुढे उतरतं मेज, दौत, बोरू. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 मध्ये आला आणि 1913 च्या दुरुस्तीनं महसूल कायद्यात बसवला गेला. आता जमिनीवर नुसता सारा भरणाऱ्याचं नाव नको, ज्याचा ज्याचा हक्क आहे त्याचं नाव हवं. म्हणून गावोगाव फेरफार लिहिले जाताहेत.

त्याचा हात नीट बघा. तो आधी कागदभर आडवी रेघ ओढतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लोंबती सोडत जातो. बोरू क्वचितच उचलतो. शब्द कुठे संपला याची खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, एकच वेलांटी, एकच उकार. आज मोडी वाचणारा एका अक्षराशी अर्धा तास का थांबतो, ते इथे कळतं.

आता तो तुमच्या पणजोबांची नोंद लिहितो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचता. आधी पणजोबांचं नाव, मग एक छोटा शब्द, मग बापाचं नाव. तो छोटा शब्द ‘दत्तक’ आहे. पुढे ‘अज्ञान’, आणि पुढे ‘पालनकर्ती आई’ म्हणून एका बाईचं नाव, त्याला जोडून ‘कोम’ आणि तिच्या मयत नवऱ्याचं नाव. मुलाला ‘बिन’, बायकोला ‘कोम’, अशी त्या दप्तराची रीत.

तुमच्या घरातली नक्कल बाळबोधीत आहे. ती उतरवणाऱ्यानं जमिनीच्या कामापुरतं उतरवलं: खातेदार कोण, क्षेत्र किती, आकार किती. दत्तक हा शब्द त्याला नको होता, तो गळला. पालनकर्तीचा उल्लेख 1916 च्या सुमारास मुलगा सज्ञान झाल्यावर तसाही निरुपयोगी होता, तोही गळला. एक शब्द गेला आणि तीन पिढ्या घरात वाद राहिला की पणजोबांचा बाप नक्की कोण. नकलेवर कधी थांबू नका. मूळ पान मागा, त्याचा फोटो घ्या, आणि मोडीचं लिप्यंतर ओळीला ओळ लावून करून घ्या.

चावडीच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी आहे. चाळिशीची असेल. अंगठा उठवून ती मागे सरते. तिचं नाव त्या कागदावर एकदाच आलं आहे. तिच्या मागून जा.

1900

खानदेशी म्हातारी माणसं ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणत, ते हे वर्ष. विक्रम संवत 1956, म्हणजे इसवी 1899-1900. पाऊस गेला, कडबा गेला, मग गुरं गेली. बैल मेले म्हणजे पुढचा पेरा गेला. रस्त्याच्या आणि तलावाच्या दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडताहेत. उन्हाळ्यात पाणी आटलं आणि पटकी आली.

कोतवाल घरोघर फिरतो, पाटलाला सांगतो, कुळकर्णी रजिस्टरात चढवतो. त्या पानावर ओळीखाली ओळ एकच कारण आहे: पटकी, पटकी, पटकी. वयाच्या रकान्यात तीस, पस्तीस, चाळीस, साठ असे मोघम आकडे दिसतात. कोतवाल अंदाजानं सांगतो. या रजिस्टरात ‘वय 35’ असेल तर जन्मसाल 1865 धरून पक्कं करू नका, अलीकडे-पलीकडे पाच वर्षं मोकळी ठेवा. आडनाव ‘चौधरी’ लिहिलं आहे, कारण ते सांगणारा कोतवाल त्या घराला तसं ओळखतो. घरातलं माणूस मयताजवळ आहे. त्याला कुणी विचारलेलं नाही.

मेला तो थोरला भाऊ. मूल नाही. मागे बायको, धाकटा भाऊ आणि धाकट्याची तीन मुलं. त्यातलं सगळ्यात लहान दोन वर्षांचं. मुंबई इलाख्यातल्या हिंदू कायद्यात विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येत असे, आणि या बाईनं ते केलं. तेरावं झालं, भाऊबंद ओट्यावर बसले. धाकट्या जावेच्या मांडीवरचं पोर उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतलं. घरात दाणा नव्हता, तरी पंचांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला गेला, कारण गूळ वाटल्याशिवाय दत्तविधान गाव मानत नाही.

ते पोर म्हणजे तुमचे पणजोबा.

दोन्ही बाप खरे. फेरफारानं वारसाचा बाप लिहिला, कारण त्याला जमीन कुणाकडून कुणाकडे गेली एवढंच विचारायचं होतं. भाटानं जन्माचा बाप लिहिला, कारण तो 1898 च्या सुगीनंतर येऊन गेला होता आणि तेव्हा दुष्काळही नव्हता, दत्तकही नव्हतं. पुढच्या खेपेला त्यानं नवीन जन्म चढवले, जुनी ओळ हलवली नाही. त्याच्या वहीत पणजोबांच्या जन्माला संवत 1954, चैत्र आहे. तिथेही घाई नको. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतातून 57 वजा करायचे, जानेवारीपासून पुढे 56. चैत्र म्हणजे 56. म्हणून 1898, आणि 1914 ला मुलगा सोळाचा, अज्ञान. फेरफाराशी तंतोतंत जुळतं. तुम्ही इतकी वर्षं एकमेकांविरुद्ध उभे केलेले दोन कागद खरं तर एकमेकांचे साक्षीदार निघाले, आणि त्यांना जोडणारी गाठ म्हणजे ती बाई. तुमच्या वंशावळीत तिला जागाच नाही.

1850 चं दशक

रेल्वेची शिट्टी बंद होते. अजून लोहमार्ग आलेला नाही.

शिवारात मोजणीदार उतरले आहेत. त्यांच्या हातात 33 फुटी साखळी आहे, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तोवर इथे बिघ्यांचा हिशोब होता. पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेली बांधाची हद्द आता नकाशावर येणार आणि सारा वाढणार, ही धास्ती घरोघर आहे. 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या गावांत शेतकऱ्यांनी मोजणीविरुद्ध उठाव केला, तो मोडायला फौज आणावी लागली. त्यानंतर मोजणी झालीच. तुमच्या बांधावर आत्ता साखळी ओढली जाते आहे ती त्या उठावाच्या नंतरची.

कारकून विचारतो, ‘‘खातं कुणाच्या नावे?’’ तीन भाऊ उभे आहेत. थोरला पुढे होतो. खातं त्याच्या एकट्याच्या नावे चढतं. धाकटे दोघे त्याच शेतात राबतात, त्याच चुलीवर जेवतात आणि दप्तरातून मात्र गायब होतात. पुढच्या काळातल्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसतं, एकत्र कुटुंब मॅनेजर, त्यामागे हीच गोष्ट असते. एकच नाव दिसलं म्हणून तो एकुलता होता असं समजू नका. धाकट्यांचा वंश भाटाच्या वहीत आणि तीर्थोपाध्यांच्या नामावळीत शोधा. त्र्यंबकेश्वराला गेलात तर उपाध्ये आडनाव नंतर विचारतात, आधी गाव विचारतात. गावाच्या वहीत, यात्रेला आलेल्या माणसानं बरोबरच्या भावांची, मुलांची नावं सांगून ठेवलेली सापडतात. अशा तीर्थवह्यांची किंमत अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळ संस्थेलाही कळली आणि तिनं हरिद्वारसारख्या क्षेत्रांच्या वह्या मायक्रोफिल्मवर उतरवून घेतल्या. आपल्याच जवळच्या क्षेत्रातल्या वह्या आपण अजून उघडलेल्या नाहीत.

1819

आता पायाखाली वाट उरलेली नाही. बोरी, बाभळी, उंच गवत. पडक्या भिंतींच्या आत झाडं उगवली आहेत. विहिरी गाळानं भरल्या आहेत. 1802 नंतर होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि 1803-04 चा दुष्काळ यांनी खानदेशाची गावंच्या गावं ओस पाडली. 1818 मध्ये पेशवाई गेली, इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याला ठाण मांडून बसला. ओस जमिनीचा सारा कुणाला मिळत नाही, म्हणून ती पुन्हा लागवडीला आणायची, त्यासाठी कौल द्यायचे. पहिली वर्षं सारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढता. इस्ताव्याचा कौल तो हाच.

एक बैलगाडी येते. गाडीत नांगर, पाभर, एक बाई, दोन मुलं, बियाण्याचं गाठोडं. माणूस तिशीचा असेल. गावच्या पांढरीवर उभा राहून तो चार भिंती न्याहाळतो, एका विहिरीत दगड टाकून खोली बघतो. त्याच्या हातात कौलाचा कागद आहे. त्यावर फसली 1229 आहे. फसली सनात 590 मिळवले की 1819 येतं. शके असता तर 78 मिळवावे लागले असते. सन कोणता ते न पाहता बेरीज करणारा सहज शतकांनी चुकतो.

कौलात त्याचं पूर्वीचं गाव लिहिलं आहे. ते तापीच्या वरच्या अंगाला, बऱ्हाणपूरच्या बाजूचं. पावागड नाही.

तुमचा पाय अडखळतो तो इथेच. मग आजी खोटं सांगत होती का?

1484

एवढ्या मागे तुमच्या घराचा एकही कागद येत नाही. तुम्हाला दिसतो तो चांपानेरचा पाडाव. महमूद बेगड्यानं लांबलेल्या वेढ्यानंतर पावागड घेतला ते हे वर्ष. गुजरातेतून शेतकरी कुणबी खानदेशात उतरले ही लेवा समाजाची आठवण त्या गडाच्या नावाशी बांधलेली आहे. भाट ती सांगत आले, लग्नाकार्यात ती म्हटली गेली. त्या काळी खानदेशावर बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांचं राज्य होतं. ते 1601 मध्ये असीरगड अकबराकडे गेल्यावर संपलं. गुजरात ते बऱ्हाणपूर हा व्यापाराचा, कापसाचा, माणसांचा राबता रस्ता होता. माणसं एका दिवसात आली नाहीत, एका वाटेनंही आली नाहीत. पिढ्यान्पिढ्या थांबत, मोडत, पुन्हा मांडत आली.

आजी सांगत होती ती समाजाची आठवण. कौल सांगतो ती तुमच्या घराची शेवटची मजल. पावागड आणि बऱ्हाणपूरकडचं ते गाव यांच्यामध्ये तीन शतकांहून जास्त अंतर आहे आणि त्यात कमीत कमी दहा-बारा पिढ्या जगून गेल्या. हे अंतर भाटाच्या वहीतल्या दहा नावांनी सलग भरून टाकायचा मोह होतो, कारण वंशावळ गडापर्यंत पोचली की घराला बरं वाटतं. तो मोह आवरा. पुराव्यानं तुमचा पहिला पुरुष 1819 चा, गाडीतून उतरलेला तो माणूस. त्यामागचं सगळं समाजाचं आहे, तुमचंही आहे, पण नावानिशी नाही. हे सांगायला धैर्य लागतं आणि वंशावळीची किंमत त्या धैर्यावरच ठरते.

आता तुमच्या हातात

परत आलात की कामाला लागा. आधी घरातली सगळ्यात म्हातारी माणसं. त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि त्यांना अडवू नका. त्यांनी पाळण्यातली नावंही सांगितली पाहिजेत. पोरं जगत नसली की आई मुद्दाम दगडू, धोंडू, उखर्डू अशी नावं ठेवी, आणि तीच दप्तरात चढली आहेत. मग शाळेचं जनरल रजिस्टर, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातली जन्म-मृत्यूची बुकं, फेरफार, भूमी अभिलेखचं दप्तर. मोडी कागद असतील तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. 1926 च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं ते उभं राहिलं. गावोगावच्या माळ्यांवरून जुनी दप्तरं गोळा करण्यात या माणसानं आयुष्य घातलं. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी आपण तीच दप्तरं रद्दीत देतो आहोत.

दोन कागद जुळले नाहीत तर दोन्ही वंशावळीत लिहा. प्रत्येक नावाखाली लिहा की हे कुठून मिळालं, कोणत्या साली लिहिलेलं, मूळ पाहिलं की नक्कल. पणजोबांच्या नावावर दोन रेघा काढा, एक जन्माच्या बापाकडे, एक दत्तक बापाकडे. आणि त्या दोन रेघांच्या मध्ये, दुष्काळाच्या वर्षी घर टिकवणाऱ्या त्या बाईचं नाव ठसठशीत अक्षरांत लिहा. ती फेरफारात एकदाच आली आहे. तुमच्या वंशावळीत ती आली नाही, तर पुढे कुठेच येणार नाही.